ताबाताच्या चढावर

शनिवार, रात्री

जूनमधला टोकियोचा पाऊस आपल्याकडच्यासारखा कोसळत नाही. दिवसभर एका लयीत, फारसा आवाज न करता पडत राहतो. इथे या दिवसांना त्सुयु म्हणतात. जपानी दिग्दर्शक माकोतो शिंकाईच्या 'वेदरिंग विथ यू' या अ‍ॅनिमेशनपटात दाखवलेल्या जागा बघायच्या तर याच दिवसांत, हे माझं कधीचं ठरलेलं होतं. ज्या चित्रपटात पाऊस थांबतच नाही, त्याच्या जागा उन्हात कशाला बघायच्या?

आधी योयोगीला गेले. बघायला तिथे काहीच उरलेलं नाही, हे माहीत असूनही गेले. स्टेशनजवळच्या ज्या पडक्या इमारतीच्या गच्चीवर हिना, प्रार्थना करून ऊन पाडणारी चित्रपटाची नायिका, हात जोडून उभी राहते, ती योयोगी काइकान. चित्रपट जुलै २०१९ मध्ये लागला आणि पुढच्याच महिन्यात इमारत पाडायला सुरुवात झाली. गच्चीवरचं लाल तोरी, म्हणजे जपानी देवळाची कमान, शिंकाईच्या कल्पनेतलं, पण तो गंजका बाहेरचा जिना खरा होता. मोडकळीला आलेल्या इमारतीकडे कुणीतरी इतकं निरखून बघितलं, म्हणून ती पाडल्यावरही माझ्यासारखी, तिला कधीही न पाहिलेली बाई तिथे जाऊन उभी राहते. मला यात फार मोठं काहीतरी वाटतं.

मग कोएन्जी. तिथल्या हिकावा मंदिराच्या आवारात हवामानाचं एक छोटं देऊळ आहे, किशो जिंजा. १९४४ साली लष्कराच्या हवामान विभागासाठी ते बांधलं, युद्ध संपल्यावर इथे हलवलं. नवसाच्या पाट्या इथे लाकडी खडावांच्या आकाराच्या असतात. जपानी मुलं पायातली खडाव उडवून उद्याचं हवामान सांगतात ना, त्यावरून: सुलटी पडली तर ऊन, उलटी पडली तर पाऊस. लग्नाच्या दिवशी ऊन पडू दे, शाळेच्या सहलीला पाऊस नको, अशी मागणी पाटीपाटीवर. मी पैसा देऊन पाऊस बोलावणारं गाणं म्हणत वाढले. ऊन मागायला देवळात येणारी माणसं बघून मला त्यांची फार माया आली.

पण खरं जायचं होतं ते ताबाताला. टोकियोला वळसा घालणाऱ्या यामानोते या रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन. त्याचं दक्षिणेकडचं दार इतकं लहान आणि शांत आहे की आपण टोकियोत आहोत हे विसरायला होतं. बाहेर पडलं की चढाचा रस्ता. एका बाजूला कठडा, खाली रुळांचं जाळं, मधूनच जाणारी शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. हिनाचं घर इथेच वर दाखवलंय आणि घर सोडून टोकियोला आलेल्या होदाकाची, म्हणजे नायकाची, आणि तिची शेवटची भेटही याच चढावर. कठडा, विजेचे खांब, वळण, सगळं तसंच. मागे लोकांची घरं आहेत, म्हणून फोटो फक्त रुळांच्या बाजूचे काढले. एक आजोबा छत्री घेऊन वर चालले होते, त्यांना थांबून वाट दिली. हा त्यांचा रोजचा रस्ता.

ताबाता पठाराच्या कडेवर आहे, खालचा सगळा भाग सखल. चित्रपटात जवळजवळ तीन वर्षं पाऊस पडतो आणि हाच सखल भाग पाण्याखाली जातो. एक म्हातारी आजी होदाकाला सांगते, इथे पूर्वी समुद्रच होता. हे ऐकताना थिएटरात माझ्या अंगावर काटा आला होता. मी कलिन्याची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि ती रात्र आम्ही वरच्या काकूंकडे काढली. भराव घालून उभं केलेलं आमचंही शहर. मिठी नदी तेव्हा आपली जागा मागायला आली होती, असं मला मोठेपणी वाटायला लागलं.

भारतात हा चित्रपट ऑक्टोबर २०१९ मध्ये लागला. त्यासाठी चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली होती, त्यात माझीही सही होती. शेवटावरून मैत्रिणींशी तेव्हा जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. पाऊस थांबायला हिनाचा बळी जावा लागणार असतो; शहर बुडालं तरी चालेल पण हिना हवी, हा होदाकाचा निर्णय त्यांना स्वार्थी वाटतो. मी त्याच्या बाजूची आहे. एका पोरीचा जीव देऊन सगळ्यांना कोरडं ठेवायचं, हे मला कधीच पटणार नाही. पाणी चढल्यावरही तिथली माणसं बोटीने कामाला जातात, फुलं बघायला जायचे बेत करतात. आज त्या कठड्याशी उभी राहून खालची घरं बघताना तर मला हे आणखीच पटलं.

होदाका घर सोडून येतो ते कोझुशिमा बेटही टोकियोच्याच कारभारात येतं. ताकेशिबाच्या धक्क्यावरून बोट जाते. त्सुयु संपायच्या आत तिकडे जायचं आहे, उद्या वेळापत्रक बघेन.