जाळरेषेवरचा पाला

वनरक्षक म्हणून माझं तिसरं वर्ष. किनवट तालुक्यातलं सागाचं बीट, म्हणजे माझ्या राखणीतला जंगलाचा तुकडा, मार्चचा शेवट. दुपारी दोनच्या सुमाराला अग्निरक्षकाचा फोन आला, "साहेब, नाल्यापल्याड धूर निघालाय."

मी तसा निर्धास्त होतो. मध्ये जाळरेषा होती, आग पुढं सरकू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. त्याआधीच गवत कापून, जाळून, स्वतः उभं राहून मी ती साफ करून घेतली होती. फोटोसुद्धा वर पाठवले होते.

पोचलो तर आग रेषा ओलांडून अलीकडं आलेली. कशी, ते पायाखालीच कळलं. साग पान टाकतो ते याच दिवसांत. सुपाएवढाली पानं, महिनाभरात रेषेवर घोटाभर पातेरा. रेषा नोंदवहीत होती, जमिनीवर नव्हती.

चढावर आग पळते. वरचं गवत तिच्या धगीनं आधीच कोरडंठाक होऊन बसतं. तिच्या तोंडाशी उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. पाला उडवायचे ब्लोअर घेतलेल्या दोघांना बगलेला लावलं, बाकीचे डहाळ्यांनी झोडपत राहिले. मार्चात हिरवी डहाळी तरी कुठं मिळते? सगळं रान उघडंबोडकं. नाल्याकाठच्या जांभळींनी लाज राखली. मग वरच्या गाडीवाटेवरून येणाऱ्या आगीच्या दिशेनं उलटी आग सोडली. वारा फिरला असता तर तीच आग माझ्या नावावर लागली असती, आणि खरं सांगतो, काडी ओढताना हात थरथरत होता. दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या, खायला काही उरलं नाही, तेव्हा साडेपाच वाजले होते. उपग्रहाचा इशारा मोबाइलवर आला तो त्यानंतर, अक्षांश-रेखांशासकट.

काळ्या पट्ट्याचा माग काढत मागं गेलो, तर एका मोहाच्या बुडाशी येऊन थांबलो. शेजारी टोपली घेऊन एक म्हातारी बसलेली.

"माय, कोणी पेटवलं?"

"म्याच. पाल्यात फुलं दिसंनात. बुडाशी जरासंच लावलं होतं, गेलं पळत." तिनं हात पुढं केला. तळव्याला फोड आले होते. "इझवाया गेल्ते."

राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा. सोबतच्या वनमजुरानं विचारलं, "पीओआर फाडायचा का?" पीओआर म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल. मी आधी रेषेकडं बघितलं. पीओआर फाडला, पण आरोपीच्या रकान्यात 'अज्ञात इसम' लिहिलं. चुकीचंच होतं ते.

रात्री अकरापर्यंत धुमसणाऱ्या ओंडक्यांवर माती ओढत होतो.

पुढच्या वर्षी मोह फुलायच्या आधी झाडांखालचा पाला खराट्यानं झाडून घेतला. ती म्हातारीही होती त्यात, मजुरीवर. जाळरेषा मार्चात दुसऱ्यांदा झाडली. तिसऱ्यांदाही झाडावी लागली, साग काही सगळी पानं एकदम टाकत नाही.