ओळख फुकट मिळाली, पैसे मात्र ठाण्यात अडकले

नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांबरोबर आमच्या मुलांनी प्रोजेक्ट केला हे कळल्यापासून नवी मुंबईतल्या इतर कॉलेजांतले लोक फोन करतात. प्रश्न ठरलेला: "मॅडम, परदेशातली ओळख कुठून काढलीत?" ओळखीचं काय घेऊन बसलात! ती फुकट मिळते.

सेफी ही युरोपातली अभियांत्रिकी शिक्षणाची संस्था, १९७३ पासूनची, ऑफिस ब्रुसेल्सला. तिचे विषयवार गट आहेत. त्यांच्या एका ऑनलाइन बैठकीत बसले, तिथे एक डच प्राध्यापक भेटले. वाशीतले धारण तलाव डच पद्धतीवर बांधलेत म्हटल्यावर ते खुर्चीत सरसावूनच बसले. भरती आली की झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. त्याची पातळी मोजणारं स्वस्त यंत्र दोन्हीकडच्या मुलांनी मिळून करायचं, असं ठरलंसुद्धा. आमचे प्राचार्य 'आंतरराष्ट्रीय' शब्दाला भुलले नाहीत. एनबीएच्या (अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) फाइलला टीमवर्कचा पुरावा मिळेल म्हटल्यावर सही केली. (एनबीएमार्फत भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य आहे, त्यामुळे ही भाषा कॉलेजात बरोबर कळते.)

मग डच सरांनी त्यांच्या देशातल्या अभियंत्यांच्या संस्थेकडून छोटंसं अनुदान मंजूर करून आणलं. निम्मं त्यांना, निम्मं आम्हाला. रक्कम इतकी किरकोळ की सेन्सर, बॅटऱ्या आणि दोन-चार सर्किट बोर्डांत संपली असती. मी पत्र अकाउंट्समध्ये दिलं.

अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, बाहेरचा पैसा आहे, ट्रस्टला विचारा. कॉलेज चालवणाऱ्या या ट्रस्टचं ऑफिस ठाण्यात. ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून गेले. तिथले क्लार्क म्हणाले, सीए साहेब बघतील. सीए साहेब फक्त शनिवारी येतात, आणि शनिवारी माझी प्रॅक्टिकल्स. शेवटी फाइल परत आली ती पिवळी चिठ्ठी लावून. चिठ्ठीवर लिहिलेलं: 'एफसीआरए?' एवढंच, म्हणजे परदेशातून येणाऱ्या पैशांचा कायदा. प्रश्नचिन्हाचं उत्तर मी द्यायचं की त्यांनी, हे कुणी सांगेना. माझा खरा राग इथे आहे. नाही म्हणा ना! एका ओळीत 'आपल्याला हे घेता येत नाही' लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी दुसरी वाट धरली असती. पण 'नाही' म्हणायची जबाबदारी कुणालाच नको होती. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, आणि तिकडे डच सर दर आठवड्याला नम्रपणे विचारायचे की बँकेचे तपशील कधी पाठवता.

मग मीच तो कायदा वाचला. २०१० चा विदेशी अंशदान कायदा. ट्रस्टची गृह मंत्रालयाकडे नोंदणी हवी किंवा त्या रकमेपुरती पूर्वपरवानगी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. खातं वाशीत असो की नौपाड्यात, उपयोग नाही. आमच्या ट्रस्टची नोंदणी नव्हती, आणि एवढ्याशा रकमेसाठी ती कोण करणार?

सल्ले देणारे पुष्कळ. एक म्हणाले, पैशांऐवजी सेन्सरच मागवा. पण कायद्यात वस्तूही येतात. दुसरे म्हणाले, ठाण्यातल्या एखाद्या नोंदणीवाल्या एनजीओमार्फत घ्या. पण एकाने घेऊन दुसऱ्याला द्यायची सोयही २०२० ला बंद झालीय. तिसऱ्यांनी माझ्या स्वतःच्या खात्यात घ्यायला सांगितलं, त्यांना मी चहा पाजून वाटेला लावलं.

सुटका झाली ती डच सरांच्या एका ईमेलने. मी सरळ लिहिलं होतं की आम्हाला पैसे नकोत, पत्र बदलून आणा. त्यांनी संस्थेकडून नवं पत्र आणलं: सगळं अनुदान त्यांच्याच बाजूला खर्च होईल, आमच्या मुलांचा सहभाग विनामूल्य. आमचे सुटे भाग विभागाच्या कन्झ्युमेबल्समधून आले, लॅमिंग्टन रोडवरून. ठाण्याला मी पत्राची प्रत फक्त माहितीसाठी पाठवली. तिला आजतागायत उत्तर नाही, आणि मला फार हलकं वाटलं.

तेव्हा अर्जात 'अनुदान' हा रकाना दिसला की आधी आपल्या ट्रस्टची एफसीआरए नोंदणी आहे का ते विचारा, तेही लेखी. तोंडी विचाराल तर 'बघू' मिळतं.

वेळापत्रक तर सांगायचंच राहिलं. आपलं सत्र जुलैत चालू होतं, त्यांचं सप्टेंबरमध्ये. आमची मुलं परीक्षेच्या तयारीला लागली तेव्हा त्यांची जेमतेम रंगात आली होती. म्हणून ऑगस्टमध्ये आपल्याकडचं वाचन आणि मोजमापं उरकून घ्या, पावसाळाही हाताशी असतो. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात. साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो, आणि संध्याकाळी साडेसहाची मीटिंग साडेसातला जाते. पनवेलला राहणाऱ्या मुलींना ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरून मला फोन येतात.