पंगतीतून उठलेला पेत्र

मावशींचं बोलणं साधंच होतं. "तू एक प्रार्थनासभा चुकवत नाहीस, कमाईचा दशमांश वेळच्या वेळी देतेस. देव तुझ्या घराचं वाईट कसं होऊ देईल?" टोचून बोलल्या असत्या तर विसरले असते. पण मला बरं वाटलं, आणि तेच डोक्यातून जात नाही.

प्रेषित पौलाने गलतियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेलं, बायबलमधलं 'गलतीकरांस पत्र' तर तोंडपाठ. २:१६, नियमशास्त्रातल्या, म्हणजे मोशेच्या यहूदी कायद्यातल्या, कर्मांनी कुणी नीतिमान ठरत नाही, ख्रिस्तावरच्या विश्वासाने ठरतो. तोंडाने हे म्हणायचं आणि मनात जमाखर्चाची वही उघडीच. घरातलं दुखणं गेलं की आपल्या जमेला. दुसऱ्याच्या घरी काही बिनसलं की... जाऊ दे, तो विषय नको.

गलतीकरांना काही जण सांगत होते, सुंता करून घ्या, नियमशास्त्र पाळा. त्यावर पौलाची मांडणी किती काटेकोर! यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम. त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती १५:६मध्ये. सुंता येते १७व्या अध्यायात, तेव्हा तो ९९ वर्षांचा. मधल्या अध्यायात इश्माएल जन्मला तेव्हा ८६. म्हणजे नीतिमान गणला गेल्यावर निदान १३ वर्षांनी सुंता. रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय या क्रमावरच उभा आहे. नियमशास्त्र तर, गलती ३:१७ प्रमाणे, देवाने अब्राहामाला दिलेल्या अभिवचनानंतर ४३० वर्षांनी आलं. जे तेव्हा नव्हतंच, त्याच्या जोरावर अब्राहाम नीतिमान ठरेल कसा?

शिवाय थोडंथोडं पाळून भागतही नाही. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २७:२६ पुढे करून पौल बजावतो, सगळं पाळत नाही तो शापित. सुंता करून घेतलीत तर सगळंच पाळायला बांधले गेलात (५:३). आम्ही दिसणारं तेवढं निवडतो, हजेरी, दशमांश, लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मटण बंद. गलतीकरही दिवस, महिने, सणाचे काळ, वर्षं पाळायला लागलेच होते. जिभेचा, हेव्याचा हिशेब कोण ठेवतं? ठेवायला बसलं तर पहिल्याच पानावर दिवाळं.

मग इतकी वर्षं केलं ते कशात धरायचं? काल रात्री स्वतःची फार कीव आली. येशूच्या दाखल्यातल्या (मत्तय २०), सकाळपासून द्राक्षमळ्यात राबलेल्या मजुरांचीही हीच कुरकुर. त्यांचा ठरलेला एक दीनार त्यांना मिळाला होता की! खुपला तो शेवटच्या तासाला आलेल्याच्या हातातला तेवढाच दीनार. वाचता वाचता हसूच आलं. अगदी आमच्या मंडळीतलेच वाटले.

कर्मं नकोत असंही नाही. नव्या करारातल्याच आपल्या पत्रात याकोब तेच उत्पत्ती १५:६ घेतो, पण दाखला २२व्या अध्यायातला देतो, अब्राहामाने मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवल्याचा. तो ज्या विश्वासाला झोडपतो तो म्हणजे देव एकच आहे एवढं मानणं, आणि तेवढं भुतंही मानतात. माणूस आत येतो कशाने, हा पौलाचा प्रश्न. आत आलेला जिवंत आहे का, हा याकोबाचा. प्रोटेस्टंट सुधारणेच्या लूथरने १५२२च्या जर्मन भाषांतरात रोम ३:२८मध्ये 'केवळ' घातलं, १५४७मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने 'केवळ विश्वासाने' याविरुद्ध निर्णय दिला, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ला ऑग्सबर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिकांनी याच विषयावरच्या एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. साडेचारशे वर्षं लागली.

मला मात्र गलतीच्याच दुसऱ्या अध्यायातलं, अंत्युखिया शहरातलं जेवण सोडत नाही. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यहूदी रीतीत हे बसत नसे. यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडची माणसं आली आणि तो मागे सरला. त्याने शिकवण बदलली नाही, विरोधात उपदेश केला नाही, नुसता पंगतीतून उठला. यापोत 'देवाने शुद्ध केलं ते अशुद्ध म्हणू नको' असा दृष्टान्त पाहिलेला, परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी राहिलेला माणूस! भीतीपोटी, असं पौल सरळ लिहितो. मग बाकीचे यहूदी उठले. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. याच्यासाठी कुणाला विश्वास सोडावा लागला नाही. चारचौघांत बरं दिसावं एवढंच हवं होतं, आणि ते तर मलाही हवं असतं.

पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. पेत्र काय म्हणाला, परत येऊन बसला का, पत्रात काही नाही. प्रेषितांची कृत्ये १५मध्ये, यरुशलेमच्या सभेत, तोच उठून म्हणतो की नियमशास्त्राचं हे जू ना आपल्या पूर्वजांना वाहवलं, ना आपल्याला. ती सभा अंत्युखियाच्या प्रसंगाआधीची की नंतरची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. बरेच जण आधीची धरतात. मला ती नंतरची हवी आहे.