दोन छोटी खाजगी विद्यापीठं, एकच ब्रँच: तुलना करताना काय काय तपासलं

पुतणीला इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश घ्यायचा होता आणि यादीत शेवटी दोन नावं उरली. दोन्ही महाराष्ट्रातली, दोन्ही राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली खाजगी विद्यापीठं आणि दोन्ही छोटी. अशा ठिकाणांबद्दल विचारायला ओळखीत सहसा कोणी सापडत नाही, रँकिंगच्या यादीतही ती दिसत नाहीत. हातात राहतात ती माहितीपत्रकं, आणि ती दोन्हीकडची सारखीच चकचकीत. इथे त्यांना पहिलं आणि दुसरं एवढंच म्हणतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की केली: तुलना करायची ती विभागांची. मोठ्या विद्यापीठात दोन शिक्षक सोडून गेले तर विद्यार्थ्यांना जेमतेम कळतं. तीस जागांच्या ब्रँचमध्ये अख्खा विभाग म्हणजे सहा-सात माणसं. त्यातली दोन गेली की व्हीएलएसआय (चिप डिझाइन) किंवा सिग्नल प्रोसेसिंग शिकवायला कोणी उरत नाही, आणि तो विषय मग शेजारच्या विभागातल्या कोणाच्या तरी गळ्यात पडतो. ‘विद्यापीठात इतके हजार विद्यार्थी, इतके एकर परिसर’ या आकड्यांचा आपल्या ब्रँचशी काहीच संबंध नसतो.

आधी मान्यता, कारण ती घरबसल्या तपासून होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर राज्य खाजगी विद्यापीठांची राज्यवार यादी आहे. तिच्यात नाव हवं, म्हणजे यूजीसी कायद्याच्या कलम 2 (एफ) खाली नोंद आहे आणि कलम 22 प्रमाणे पदवी देता येते. ही खातरजमा फालतू वाटते, पण 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रा. यशपाल खटल्यात छत्तीसगडच्या कायद्यातली कलमं रद्द केली तेव्हा शंभराहून जास्त खाजगी विद्यापीठांचा पायाच गेला होता. राज्य खाजगी विद्यापीठाला महाविद्यालयं संलग्न करता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावं. ‘आमच्याच विद्यापीठाचं दुसऱ्या शहरातलं सेंटर आहे, तिथे घ्या प्रवेश’ असं कोणी सुचवलं तर त्या केंद्राला यूजीसीची परवानगी आहे का, हे लेखी मागावं.

अभियांत्रिकीत एक गोंधळ नेहमी होतो. विद्यापीठांचे प्रवेश काउन्सेलर एआयसीटीईचं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं) नाव जोरात घेतात किंवा अजिबात घेत नाहीत. 2001 च्या भारतीदासन विद्यापीठ निकालानंतर विद्यापीठाला तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करायला एआयसीटीईची पूर्वमान्यता लागत नाही. त्यामुळे ती नसली म्हणून पदवी खोटी ठरत नाही; पण बाहेरून कोणी तपासणी केली आहे का, हा प्रश्न मग जास्त महत्त्वाचा होतो. तिथे एनबीए बघायचं. नॅक संपूर्ण संस्थेला श्रेणी देतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देतं, तीन किंवा सहा वर्षांसाठी. पहिल्या विद्यापीठाच्या फलकावर ‘एनबीए मान्यताप्राप्त’ असं मोठ्या अक्षरात होतं. एनबीएच्या यादीत पाहिलं तर मान्यता मेकॅनिकलची होती, इलेक्ट्रॉनिक्सची नव्हती. दुसऱ्याकडे एनबीए नव्हतंच, कारण ब्रँचच्या पुरेशा तुकड्या अजून बाहेर पडल्या नव्हत्या. दोन्हीकडे उत्तर ‘नाही’ असलं तरी दुसऱ्याच्या नाहीमागे कारण आहे, पहिल्याच्या नाहीमागे झाकपाक. नॅकचंही तसंच: श्रेणी सहसा पाच वर्षांची असते, म्हणून कोणती श्रेणी यापेक्षा कधीपर्यंतची श्रेणी हे आधी पाहावं. आणि सहा वर्षांपेक्षा लहान, दोन तुकड्याही बाहेर न पडलेलं विद्यापीठ नॅकला पात्रच नसतं, म्हणून नवं असेल तर ते कमी मानू नये.

आता खरा ऐवज. एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या रँकिंगला) माहिती देणारी प्रत्येक संस्था ती माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवते, रँक मिळो न मिळो. ‘एनआयआरएफ’ नावाची लिंक सहसा पानाच्या अगदी तळाशी असते. आतली पीडीएफ रूक्ष दिसते, पण माहितीपत्रकातल्या सगळ्या फोटोंपेक्षा ती जास्त बोलते. चार वर्षांच्या पदवीचा तक्ता आडवा वाचायचा: अमुक साली पहिल्या वर्षाला किती प्रवेश, पुढच्या साली थेट दुसऱ्या वर्षाला किती, त्यातले ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण, किती जणांना नोकरी, पगाराचा मध्यांक (निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतो तो आकडा) किती, पुढच्या शिक्षणाला किती गेले.

समजा 110 जणांनी प्रवेश घेतला आणि 10 जण डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आले. एकूण 120. मुदतीत उत्तीर्ण 72, नोकरी 54, उच्च शिक्षण 6. काउन्सेलर सांगेल, ‘72 पैकी 54, म्हणजे 75 टक्के प्लेसमेंट.’ आपण भागायचं 120 ने: 54 भागिले 120, म्हणजे 45 टक्के. उच्च शिक्षणाचे 6 धरले तरी निम्मेच. उरलेले कुठे गेले? काही बॅकलॉगमध्ये अडकले, काही सोडून गेले, काहींना नोकरी मिळाली नाही. ही गळतीच छोट्या विद्यापीठाचा खरा चेहरा दाखवते. म्हणून तीन-चार वर्षांचे तक्ते शेजारी मांडून उत्तीर्णांचा आकडा वर जातोय की खाली, हे बघावं.

एक मर्यादा मात्र आहे. हा तक्ता सगळ्या ब्रँचचा मिळून असतो. कॉम्प्युटरच्या जोरावर इलेक्ट्रॉनिक्सचा आकडा सुजलेला असू शकतो. म्हणून दोन्ही विभागप्रमुखांना ईमेल करून फक्त आपल्या ब्रँचचे आकडे मागितले: मागच्या तुकडीत प्रवेश किती, मुदतीत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना आणि कोणत्या कंपनीत. दुसऱ्याकडून साधा तक्ता आला, आकडे काही डोळे दिपवणारे नव्हते. पहिल्याकडून कंपन्यांच्या लोगोंचं पोस्टर आलं. नीट पाहिलं तर ती यादी त्या शैक्षणिक समूहाच्या सगळ्या संस्थांची एकत्र होती. सर्वात मोठं पॅकेज एकाला मिळतं. आपल्या मुलाला काय मिळेल याचा अंदाज मध्यांकावरूनच येतो.

शिक्षकांची यादी बऱ्याच ठिकाणी त्याच पीडीएफमध्ये असते: पात्रता, अनुभव, रुजू झाल्याची तारीख, नियमित की तात्पुरते. रुजू झाल्याच्या तारखांचा रकाना बोट ठेवून वाचावा. सात जणांपैकी पाच जण गेल्या वर्षभरातले असतील तर आधीचे पाच गेले कुठे, हे विचारलंच पाहिजे. एआयसीटीईचं प्रमाण 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. तीस जागांच्या ब्रँचला चार वर्षांचे मिळून 120 विद्यार्थी, म्हणजे सहा शिक्षक. पण पहिल्या वर्षाचे गणित-भौतिकशास्त्राचे शिक्षकही या हिशोबात मोजतात, ते वजा केल्यावर मुख्य विषयांना किती उरतात ते बघावं. मग यादीतली नावं विभागाच्या चालू टाइमटेबलशी ताडून पाहावीत. यादीत आहेत आणि टाइमटेबलमध्ये नाहीत अशी नावं निघाली, तर ती फक्त कागदावर आहेत असं समजावं.

अभ्यासक्रमात तिसऱ्या-चौथ्या वर्षाला इलेक्टिव्हची (आपण निवडायच्या विषयांची) लांबलचक यादी असते. किती आहेत हे विचारून उपयोग नाही. मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष कोणते चालले आणि एक इलेक्टिव्ह चालवायला किमान किती विद्यार्थी लागतात, हे विचारावं. तीस जणांच्या वर्गात किमान वीसची अट असेल तर सगळ्यांना एकच विषय घ्यावा लागणार, यादी कितीही लांब असो.

आता पैसे. दोन्हीकडचे फी-तक्ते वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असतात आणि तिथेच फसगत होते. समजा पहिल्याची शिक्षण फी वर्षाला 1,80,000 आहे, खाली बारीक अक्षरात ‘दरवर्षी 8 टक्क्यांपर्यंत वाढ’ असं आहे. चार वर्षांचे होतात सुमारे 8,11,000, आपण मनात 7,20,000 धरलेले असतात. दुसऱ्याची फी 2,10,000, चार वर्षं तीच, म्हणजे 8,40,000, वर 25 टक्के शिष्यवृत्ती. ती चारही वर्षं टिकली तर 6,30,000. पहिल्या वर्षानंतर गेली तर 7,87,500. फरक दीड लाखाहून जास्त, आणि तो सगळा शिष्यवृत्ती टिकवण्याच्या अटीवर. अट सीजीपीएची आहे की वर्गातल्या क्रमांकाची? एका सत्रात एक विषय राहिला तर कायमची बंद होते की पुढच्या वर्षी परत मिळते? आणि सर्वात नेमका प्रश्न: पहिल्या वर्षी ज्यांना मिळाली त्यांच्यापैकी तिसऱ्या वर्षाला किती जणांची चालू आहे? याचं उत्तर हिशोब विभागात मिळतं, प्रवेश कक्षात नाही. या आकड्यांत परीक्षा फी, डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस आणि कॉशन मनी वेगळे मिळवायचे. होस्टेल पहिल्या वर्षी सक्तीचं आहे का आणि सुट्टीच्या महिन्यांचंही मेस बिल लागतं का, हे विचारल्याशिवाय बेरीज पूर्ण होत नाही.

महाराष्ट्रातल्या पालकांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी, कारण ती कळायला फार उशीर होतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते, पण ती कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) झालेल्या प्रवेशांना. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. घरात अशी पात्रता असेल तर खाजगी विद्यापीठाची तुलना आधी कॅपमधून मिळणाऱ्या साध्या महाविद्यालयाशी करावी. चार वर्षांत कित्येक लाखांचा फरक पडतो. कर्ज काढायचं असेल तर बँकेत आधीच जाऊन यावं. साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही, त्यापुढे मागतात. पीएम-विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची केंद्रीय योजना एनआयआरएफच्या वरच्या संस्थांसाठी आहे, तिच्यात अशी छोटी विद्यापीठं क्वचितच बसतात. शाखा व्यवस्थापकाला सरळ विचारावं, की या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची कर्जं तुमच्याकडे चालू आहेत का. बँकेला काही विकायचं नसतं, त्यामुळे उत्तर कामाचं मिळतं.

प्रत्यक्ष भेट सत्र चालू असताना, कामाच्या दिवशी द्यावी. प्रवेशाच्या मोसमातल्या रविवारी सगळं रंगवलेलं असतं. लॅबच्या दारावरचं टाइमटेबल वाचावं: आठवड्यात किती बॅच येतात, एका बॅचमध्ये किती मुलं. मग आत ऑसिलोस्कोप मोजावेत, चालू किती आणि कापडाखाली किती. पहिल्याकडे लॅब मोठी आणि नवी होती, पण फंक्शन जनरेटरच्या प्रोबना अजून कारखान्यातली प्लॅस्टिकची टोपणं होती. दुसऱ्याकडे टेबलं जुनी, सोल्डरिंगचे डाग पडलेली, कोपऱ्यात अर्धवट जोडलेल्या ब्रेडबोर्डवर मुलांच्या नावांच्या चिकटपट्ट्या. कुठे काम चालतं हे सांगायला कोणी लागलं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी कँटीनमध्ये बोलावं, पहिल्या वर्षाच्या नाही. पहिल्या वर्षाला अजून काही कळलेलं नसतं. ‘कॉलेज कसं आहे’ असं विचारलं की ‘चांगलं आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. त्याऐवजी मागच्या सत्राचा निकाल परीक्षेनंतर किती आठवड्यांनी लागला, पुनर्मूल्यांकनाचा किती दिवसांत, मध्येच कोणत्या विषयाचे शिक्षक बदलले, असं विचारावं. खाजगी विद्यापीठ परीक्षा स्वतः घेतं, त्यामुळे निकाल उशिरा लागला तर दाद मागायला वर दुसरं विद्यापीठ नसतं आणि शेवटच्या वर्षी नोकरीवर रुजू होताना किंवा एमटेकच्या प्रवेशात मुलं अडकतात.

निर्णय दुसऱ्याचा झाला. इमारत साधी, प्लेसमेंट मध्यम, पण विभागातले बहुतेक शिक्षक चार-पाच वर्षं टिकून होते आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला आकड्यात उत्तर होतं.

पैसे भरतानाची काळजी वेगळी. ‘आज टोकन भरा, उद्या सीट जाईल’ या घाईला बळी पडू नये. छोट्या ब्रँचच्या जागा बहुधा शेवटपर्यंत रिकाम्या असतात. यूजीसीच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, फक्त 5 टक्के किंवा 5,000 यांतलं कमी ते प्रक्रिया शुल्क कापता येतं. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80, तीस दिवसांपर्यंत 50, पुढे शून्य. अलीकडे यूजीसीने काही वर्षांसाठी याहून सवलतीच्या तारखा दिल्या, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक काढून ठेवावं. मूळ कागदपत्रं पडताळणीसाठी दाखवायची आणि तिथेच परत घ्यायची. ती अडकवून ठेवायचा अधिकार संस्थेला नाही. पावती ‘ॲडमिशन फी’ अशी एकरकमी घेऊ नये, प्रत्येक शीर्षाची रक्कम वेगळी लिहून घ्यावी, कारण परतावा मागताना वाद तिथेच होतो. आणि शिष्यवृत्तीची टक्केवारी, टिकवण्याची अट आणि चार वर्षांची फी हे तिन्ही विद्यापीठाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हातात आल्यावरच डीडी द्यावा.