सॅन होजेत जुनं मोबाईल होम घेतलं, टायटल नावावर करून घेतलं – माझा अनुभव

बे एरियात साधं टाउनहाउस बघायला गेलं तरी आकडा दहा लाख डॉलरच्या आसपास जातो, आणि आम्हाला भाड्याच्या अपार्टमेंटमधून काहीही करून बाहेर पडायचं होतं, म्हणून शेवटी सॅन होजेतल्या एका मोबाईल होम पार्कमधलं (अशा घरांची वसाहत, जागा भाड्याने मिळते) जुनं डबलवाइड मोबाईल होम, म्हणजे कारखान्यात दोन भागांत बनवून जागेवर आणून जोडलेलं घर, घेतलं. आता सगळं रीतसर नावावर झालंय. ओळखीतल्या बऱ्याच मराठी लोकांनी विचारलं की कागदपत्रांचं कसं केलंत, म्हणून सविस्तर लिहितेय. हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे हां, दुसऱ्या स्टेटमध्ये ऑफिस आणि फॉर्म वेगळे असतात.

एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसवा, इथे आपण घर विकत घेतो, जमीन नाही. जमीन पार्कवाल्याची, तिचं स्पेस रेंट दर महिन्याला भरायचं. त्यामुळे नेहमीच्या घरासारखं काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखं) डीड म्हणजे खरेदीखत वगैरे होत नाही (घर पक्क्या पायावर बसवून जमिनीला जोडलेलं असेल तर वेगळं), घराचं टायटल म्हणजे मालकीचा कागद असतो आणि तो स्टेटच्या हाउसिंग अँड कम्युनिटी डेव्हलपमेंट खात्याकडे, सगळे एचसीडी म्हणतात, तिथे नोंदलेला असतो. पूर्वी हे काम गाड्यांच्या डीएमव्हीकडेच होतं, त्यामुळे टायटलचा कागद अजूनही गाडीच्या कागदासारखाच वाटतो. म्हणजे दोन बाजूंनी काम करावं लागतं, टायटलसाठी एचसीडी आणि जागेसाठी पार्क, आणि दोन्हीकडून होकार आल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत.

घर पसंत पडल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते एचसीडीकडून टायटल सर्च काढण्याचं. फी किरकोळ आहे, घराचा डिकॅल नंबर लागतो, तो बाहेरच्या भिंतीवर स्टिकरवर असतो आणि मालकाच्या रजिस्ट्रेशन कार्डावरही असतो. त्या रिपोर्टमध्ये रजिस्टर्ड ओनर कोण, लीगल ओनर कोण म्हणजे कर्ज कोणाचं आहे, आणखी कोणाचा बोजा आहे का, सगळं येतं. मग तो रिपोर्ट हातात घेऊन आम्ही घराभोवती फिरलो. १५ जून १९७६ नंतर बनलेल्या प्रत्येक घराच्या मागच्या टोकाला एचयूडीची (केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं) लाल रंगाची छोटी धातूची पट्टी ठोकलेली असते, आणि डबलवाइड म्हणजे दोन भाग, म्हणून पट्ट्या दोन आणि सिरीयल नंबरही दोन. आमच्या एका पट्टीवर इतके रंगाचे थर चढले होते की नवऱ्याने थिनरचा बोळा घेऊन हळूहळू पुसलं तेव्हा कुठे नंबर वाचता आला. आत बेडरूमच्या क्लोझेटमध्ये डेटा प्लेट म्हणून एक कागद चिकटवलेला होता, पिवळा पडलेला, त्यावर कारखान्याचं नाव, बनवल्याची तारीख आणि सिरीयल नंबर. पट्ट्यांवरचे नंबर आणि डेटा प्लेटवरचे सिरीयल नंबर रिपोर्टशी जुळले तेव्हा जीव भांड्यात पडला. हे नक्की करा, कारण कागदावर एक नंबर आणि घरावर दुसरा असेल तर ते निस्तरण्यात खूप वेळ जातो.

आता खरी अडचण. सर्चमध्ये दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे टायटलवर विकणाऱ्या बाईंबरोबर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं आणि ते वारले होते. नावांपुढे जेटीआरएस लिहिलेलं होतं, म्हणजे जॉइंट टेनंट्स, एक गेला की दुसऱ्याकडे हक्क आपोआप जातो, त्यामुळे मृत्यूच्या दाखल्याची सर्टिफाइड कॉपी जोडून काम भागलं, कोर्टात जावं लागलं नाही. दुसरी गोष्ट जास्त जड होती. लीगल ओनर म्हणून एका बँकेचं नाव अजून तसंच होतं. बाई म्हणाल्या कर्ज कधीच फिटलं, आणि ते खरंही होतं, पण बँकेने बोजा सोडल्याचा कागद एचसीडीकडे गेलाच नव्हता आणि ती बँक मध्येच दुसरीत विलीन झाली होती. फोन केला की एक जण दुसऱ्याकडे पाठवायचा, दुसरा म्हणायचा आमच्या सिस्टीममध्ये हा नंबरच नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, एकटी, ओरेगनला मुलीकडे जायला निघालेली, सगळं सामान खोक्यांत भरून बसलेली, तिला हे झेपणारं नव्हतं म्हणून आम्हीच पुढाकार घेतला. एफडीआयसी म्हणजे बँक ठेवींचा विमा उतरवणारी सरकारी संस्था, तिच्या बँकफाइंड या वेबसाइटवर कुठली बँक कधी कुठल्या बँकेत गेली हे फुकट बघता येतं, तिथून आत्ताची बँक शोधली, लोन विभागाला त्याची प्रिंट, टायटलची कॉपी आणि बाईंचं सहीचं अधिकारपत्र पाठवलं, आणि शेवटी लियन सॅटिस्फाइडचा म्हणजे बोजा सोडल्याचा फॉर्म सही होऊन आला. कोणी कितीही म्हणालं की "कर्ज फिटलंय हो, नंतर बघू", तरी बोजा सोडल्याचा कागद येईपर्यंत पैसे देऊ नका. बाई प्रामाणिक होत्या, पण कागद नसता तर घर विकताना हाच घोळ आमच्या गळ्यात आला असता.

म्हणूनच आम्ही एस्क्रो घेतला, म्हणजे सौदा पूर्ण होईपर्यंत पैसे आणि कागद सांभाळणारी तिसरी कंपनी. डीलरकडून घेतलं तर एस्क्रो कायद्यानेच लागतो, आमचा सौदा थेट मालकाशी होता त्यामुळे सक्ती नव्हती, पण सगळे कागद जमा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे राहिले आणि दोन्हीकडची धाकधूक कमी झाली.

पार्कची परवानगी म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीच्या एनओसीसारखंच, फक्त इथे नियम लिखित आहेत आणि ते आपल्या बाजूने आहेत. अर्ज पूर्ण दिला की मॅनेजमेंटने १५ वर्किंग दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आणि नकार दिला तर कारणही लेखी. भाडं परवडत नाही, आधीच्या भाडेकरारांवरून हा माणूस नियम पाळणार नाही असं दिसतं, किंवा घेणाऱ्याने फसवणूक केली वा महत्त्वाची माहिती लपवली, याशिवाय दुसरं कारण चालत नाही. आम्ही पे स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि आधीच्या घरमालकाचं पत्र एकत्रच दिलं, त्यामुळे "हे राहिलं, ते राहिलं" झालं नाही. सॅन होजेत स्पेस रेंटवर शहराचा कायदा आहे, वर्षाची वाढ महागाई निर्देशांकाच्या वाढीच्या ७५ टक्के, पण कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ टक्के. सही करण्याआधी आपल्या पार्कला तो लागू आहे का ते विचारून घ्या, कारण पुढच्या दहा वर्षांचा हिशोब त्यावर आहे.

टॅक्सचं असं आहे, १ जुलै १९८० किंवा त्यानंतर पहिल्यांदा विकल्या गेलेल्या घरांना काउंटीचा प्रॉपर्टी टॅक्स लागतो, आमचं त्यातलं. अशा घराचं टायटल बदलायला काउंटी टॅक्स कलेक्टरचं टॅक्स क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं, आणि त्यावर मुदत छापलेली असते, त्यामुळे ते सगळ्यात शेवटी काढा, बाकीचे कागद तयार झाल्यावर. याशिवाय प्रत्येक झोपण्याच्या खोलीत चालू स्मोक अलार्म आणि गॅसचा वॉटर हीटर भूकंपासाठी पट्ट्यांनी बांधलेला, याचं सहीचं डिक्लेरेशन लागतं. हीटरची पट्टी सैल होती, बाईंनी हँडीमन बोलावून नीट करून घेतली.

नावांचं मात्र आपल्या लोकांनी खास बघायला पाहिजे. पासपोर्टवर मधलं नाव, लायसन्सवर फक्त अक्षर, बँकेत तिसरंच, असं असतं ना, तसं टायटलवर नको, कारण पुढे विकताना जसं छापलंय तशीच सही लागते. आम्ही दोघांनी लायसन्सप्रमाणे नावं दिली आणि जेटीआरएस निवडलं, बाईंचं काम किती सोपं झालं ते डोळ्यांनी बघितलं होतं. दोन नावांच्या मध्ये 'ऑर' (किंवा) लिहिलं तर दोघांपैकी एकाच्या सहीवर घर विकता येतं, तेही लक्षात ठेवा.

काही आठवड्यांनी पोस्टाने रजिस्ट्रेशन कार्ड आलं. मूळ टायटल क्रेडिट युनियनकडे गेलं, कारण कर्ज त्यांचं आहे आणि लीगल ओनर सध्या तेच आहेत. कार्डावरचे दोन्ही सिरीयल नंबर आणि आडनावाचं स्पेलिंग तपासलं, बरोबर होतं. आता काउंटी असेसरकडे होमओनर्स एक्झम्प्शनचा फॉर्म भरलाय, राहत्या घराच्या करपात्र किमतीतून ७,००० डॉलर वजा होतात, मोबाईल होमलाही ते मिळतं आणि बरेच जण ते मागतच नाहीत.