पायताण

२४ डिसेंबर, रात्री साडेअकरा. उदयपूर.

पायताण चावलंय. उजव्या अंगठ्याशी, पहिल्या दिवशी चावायचं तिथेच. आधी रात्रभर तेल मुरवायला हवं होतं. हे मला माहीत आहे, आणि तेच डोक्यातून जात नाहीये.

शिल्पग्रामचा उत्सव २१ ते ३० डिसेंबर, म्हणून तिकिटं काढतानाच ही संध्याकाळ राखून ठेवली होती. ताई आली असती तर... जाऊ दे. फत्तेसागरकडून बोचरं वारं येत होतं. राजस्थान, गुजरात, गोवा, महाराष्ट्र, सगळीकडची लिंपलेली घरं तिथे उभी केलीत आणि मधून दुकानांच्या रांगा. मोलेलाच्या कुंभारांचे पाटीवर उठावाने घडवलेले मातीचे देव बघत होते, तेवढ्यात वास आला. चपला दिसायच्या आधी वास. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा. आप्पांच्या कोनाड्याला हाच वास होता.

"कितने का है?" मी विचारलं. हिंदीत. संध्याकाळभर हिंदीच चालली होती, तोंडात तीच बसली होती, असं मघापासून स्वतःला सांगतेय. पण पाटीवरचं कोल्हापूर मी वाचलं होतं.

त्याने दोन जोड काढले. वेणी बारीक, कान पातळ, खिळा कुठेही नाही, सगळं वादीने शिवलेलं. मी शंभर रुपये पाडून घेतले. तो जरा थांबला, मग "लीजिए" म्हणाला. जोड कागदात गुंडाळताना मला समजावायला लागला, "बहनजी, रात को तेल लगाने का. एरंडेल... वो..." एरंडेलाला हिंदीत काय म्हणतात ते त्याला आठवेना. मग बोट वाटीत बुडवल्यासारखं करून पट्ट्यावरून फिरवून दाखवलं. आणि मी मान डोलावली. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी.

आमच्या घरी दर दिवाळीला हेच व्हायचं. २०१९ मध्ये या चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आप्पांनी ती बातमी कापून कोनाड्यातच ठेवली होती. आणि मी मान डोलावली. नुसतं "हो, एरंडेल" म्हटलं असतं तरी त्या माणसाची अडखळ सुटली असती.

दहा पावलं गेले असेन, मागे त्याचा फोन वाजला. "न्हाई गं, आत्ता कुठं भवानी झाली. तू जेवलीस न्हवं?"

साडेसहा वाजले होते. त्याच्या भवानीतूनच मी शंभर काढून घेतले होते.

पैशांसाठी गप्प बसले का? थोडी बसले असेन. मराठीत घासाघीस करायला जीभ रेटली नसती. पण तेवढंच नाही. मराठी ऐकल्यावर "गाव कुठलं?" हा पुढचा प्रश्न आपल्याकडे चुकत नाही. मग गडहिंग्लज आलं असतं, मग पायताण कुणाकडून करून घ्यायचात ते, मग घराचं. घराचं आत्ता मला कुणाशीच बोलायचं नाही.

नंतर रंगमंचावर तेराताली झाली. बायका बसलेल्या, उजव्या पायावर नऊ मंजिरे, म्हणजे छोटे टाळ, कोपरांना दोन, हातांत दोन. दोरीच्या टोकाचा मंजिरा गर्रकन फिरून पायावरच्या नेमक्या मंजिऱ्यावर येतो, एकदाही चुकत नाही. एरवी मी भान विसरून बघितलं असतं. आज कानात ते "आत्ता कुठं"च वाजत होतं.

परत गेले होते. त्याच्याकडे चारपाच गिऱ्हाइकं होती, एकीला तो तेच बोट फिरवून दाखवत होता. जरा उभी राहिले आणि निघाले. गिऱ्हाईक लागलेलं बघून बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. मग नवा जोड तिथेच पायात घातला.

गाडी उद्या पहाटेची आहे. म्हणजे बोलणं आता राहिलंच. राहू दे. त्याने एवढं जीव तोडून सांगितलं, ते तरी करते. खालच्या भोजनालयातून वाटीभर तेल मागून आणलंय. एरंडेल नव्हतं, सरसोंचं मिळालं. आप्पाही नसलं की गोडंतेल लावायचे. आधी पट्टा, मग कान, शेवटी वेणी. वेणीत तेल फार हळू मुरतं.

उजवं झालं. डावं राहिलंय.