कादंबरी आधी, चित्रपट नंतर : पावसाळ्याअखेरची नोंद

मराठी आणि कन्नड कादंबऱ्या व त्यांवरचे चित्रपट जोडीने अभ्यासण्याचा जो क्रम मी हाती घेतला आहे, त्यातील मराठी टप्पा या पावसाळ्यात पूर्ण होत आला. नियम पूर्वीचाच ठेवला : पुस्तक आधी संपवायचे, मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे आणि मगच चित्रपट पाहायचा. बहुतेक पुस्तके इथल्या, म्हणजे बेळगावातल्या शहापूरच्या, सरस्वती वाचनालयातून मिळाली. या वाचनात एक मत पक्के होत गेले. कथानक पडद्यावर आणणे फारसे कठीण नसते. कथा सांगणाऱ्याचा आवाज आणणे कठीण असते, आणि रूपांतर साधले की नाही याचा निकाल तिथेच लागतो.

सर्वांत जास्त वेळ ‘नटरंग’ने घेतला. माझे आजोळ निपाणीचे. तिथून कोगनोळीचा नाका मागे टाकून दूधगंगा ओलांडली की आनंद यादवांचे कागल येते, आणि मध्ये राज्याची हद्द असली तरी दोन्हीकडचे बोलणे एकाच वळणाचे आहे. त्यामुळे या कादंबरीतील संवाद मी मोठ्याने वाचले. मामांच्या मळ्यात ऐकलेले हेल त्यांत जसेच्या तसे सापडतात. तमाशाचा फड उभा करण्याच्या ध्यासापायी पैलवानी देहाच्या नायकाला, गुणाला, स्वतःच नाच्या व्हावे लागते आणि ज्या समाजासाठी तो नाचतो तोच त्याचे पुरुषपण हिणवतो, हे दुःख यादव सावकाश, थरावर थर चढवत मांडतात. रवी जाधव यांच्या 2010 सालच्या चित्रपटाला एवढी सवड नाही. पण अतुल कुलकर्णी यांनी आधी भरदार आणि नंतर कृश केलेले शरीर पाहिले, म्हणजे कादंबरीने कित्येक पानांत सांगितलेली घालमेल चालण्यातल्या आणि मान वळवण्यातल्या फरकातून कळते. इथे निवेदकाच्या आवाजाचे काम नटाच्या देहाने केले आहे, आणि ते मला पूर्णपणे पटले.

दोन गोष्टी मात्र पटल्या नाहीत. अजय-अतुल यांच्या लावण्या मनापासून आवडत असूनही त्यांचे चित्रण इतके झगमगीत आहे की गावोगाव फिरणाऱ्या गरीब फडाचे दारिद्र्य त्यात झाकून जाते. शिवाय चित्रपट गुणाला अखेरीस सन्मानाचा दिलासा देतो. कादंबरी तो देत नाही, आणि तिचाच शेवट मला अधिक खरा वाटतो.

‘बनगरवाडी’बद्दल तक्रारीला जागाच नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या या छोट्या कादंबरीत कोवळ्या वयाचा मास्तर मेंढपाळांच्या वस्तीत येतो, वस्ती त्याला हळूहळू आपले म्हणते आणि पुढे दुष्काळ पडून तीच वस्ती उठून जाते. बैलाच्या जागी शेकूची बायको स्वतःला औताला जुंपून घेते, हा प्रसंग माडगूळकर एकही उसासा न टाकता सांगतात. अमोल पालेकर यांनी 1995 च्या चित्रपटात हाच संयम राखला आहे : माळ दिसतो, माणसे त्यात लहान दिसतात, आणि प्रसंग प्रेक्षकाला रडवण्यासाठी ताणले जात नाहीत. मास्तराचे प्रथमपुरुषी निवेदन पडद्यावर कमी झाले, तरी त्याची पाहण्याची पद्धत टिकून राहिली. माझ्या यादीत ही जोडी आज सर्वांत वर आहे.

‘सिंहासन’साठी दोन पुस्तके वाचावी लागली, कारण जब्बार पटेल यांचा 1979 चा चित्रपट अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. विजय तेंडुलकरांच्या पटकथेने इतक्या पात्रांचा पसारा आवरला कसा, हे पुस्तके ताजी असताना पाहण्यासारखे आहे. निळू फुले यांचा पत्रकार दिगू सगळीकडे वावरतो, सगळे ऐकतो, आणि म्हणून तोच धागा ठरतो. त्याचे शेवटचे वेडेपिसे हसणे दोन्ही कादंबऱ्यांतला संताप एका दृश्यात आणते.

‘शाळा’ आणि ‘दुनियादारी’ यांविषयी थोडक्यात लिहितो. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीची सारी गंमत नववीतल्या जोशीच्या मनातल्या बोलण्यात आहे; सुजय डहाके यांच्या चित्रपटात मुलांचे अभिनय निर्मळ असूनही ते बोलणे विरळ झाले. ‘दुनियादारी’ 2013 साली तरुणांनी डोक्यावर घेतला, पण सुहास शिरवळकरांच्या कट्ट्यावरची सहज भाषा मला पडद्यावर संवादफेकीत बदललेली वाटली.

आता कन्नड टप्पा. बेळगावात राहून दोन्ही भाषांतले चित्रपट मूळ स्वरूपात समजतात, याचा लाभ न घेणे मला योग्य वाटत नाही. भैरप्पांचे ‘वंशवृक्ष’ सध्या मूळच्या बेळगावच्याच असलेल्या उमा कुलकर्णी यांच्या मराठी अनुवादात वाचत आहे. त्यावरचा चित्रपट गिरीश कार्नाड आणि ब. व. कारंत यांनी मिळून दिग्दर्शित केला. त्यानंतर अनंतमूर्तींचे ‘संस्कार’ घेईन, ज्याच्या 1970 च्या चित्रपटात कार्नाड प्राणेशाचार्य झाले आहेत, आणि मग शिवराम कारंतांचे ‘चोमन दुडी’. आमच्या बाजारपेठेत ऐकू येणारी कन्नड धारवाडी वळणाची आहे, तर या कथा म्हैसूर, मलनाड आणि किनारपट्टीच्या. त्यामुळे निपाणीच्या बोलीने ‘नटरंग’च्या वेळी दिलेला आधार इथे मिळणार नाही. ‘संस्कार’ मूळ कन्नडमधूनच वाचायचे ठरवले आहे. ज्यांनी ‘चोमन दुडी’ वाचून मग पाहिला असेल, त्यांनी चोमाच्या दुडीचा, म्हणजे ढोलाचा, आवाज पुस्तकात अधिक जाणवतो की पडद्यावर, हे जरूर कळवावे.